आठल्ये सरांची तुटक रेघ

आमच्या एक्सरे डिपार्टमेंटात कुणी ‘सेफ’ हा शब्द उच्चारला की आठल्ये सर जिथं असतील तिथून परत फिरायचे. जिन्यात असले तर चार पायऱ्या उलट्या चढून यायचे. “काय म्हणालात? सेफ? कशापेक्षा?” समोरचा बापडा बहुतेक वेळा पेशंटचा नातेवाईक असायचा, म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला, त्यानं आपलं सहज विचारलेलं असायचं. त्याला भाषण मिळायचं. भाषण तरी कसलं, निम्मं पहिल्या मजल्यावर आणि उरलेलं तळमजल्यावर, कारण सर बोलता बोलता चालायला लागायचे आणि ऐकणाऱ्याला मागं धावावं लागायचं. मी कितीतरी लोकांना त्यांच्यामागं असं धावताना पाहिलंय. मी स्वतः तर सहा वर्षं धावले.

मी सुनंदा वानखडे. अमरावतीकडची. एक्सरे टेक्निशियनचा कोर्स केला, लग्न झालं आणि नवऱ्याला नऱ्ह्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून धायरीत दोन खोल्यांत येऊन पडले. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या आणि पुण्यात दर चौकात एक सीटी स्कॅन सेंटर निघत होतं. टेक्निशियनला मागणी होती. एका मोठ्या हॉस्पिटलात मला लगेच घेतलं.

सर तिथं किरणांच्या सुरक्षेचे अधिकारी होते. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत उभा जन्म काढून निवृत्त झालेले. सडसडीत, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत किरण मोजायचं मीटर आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारीच मेथीची जुडी. आम्ही पाठीमागं त्यांना ‘किरणकुमार’ म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

पहिल्याच दिवशी मला अडवलं.

“अहो बाई, बॅज कुठाय?”

बॅज म्हणजे आम्हा टेक्निशियनांना छातीशी लावायला दिलेली प्लास्टिकची चपटी डबी. आपल्या अंगाला किती किरण लागले ते तिच्यात नोंदवलं जातं. दर तीन महिन्यांनी ती मुंबईला जाते आणि तिकडून आकडा येतो.

“पर्समध्ये आहे, सर.”

“वा. म्हणजे तीन महिन्यांनी तुमच्या पर्सची प्रकृती कळेल आपल्याला.”

एवढं बोलून गेलेसुद्धा. मला असा राग आला! आमच्याकडे माणूस चिडला तर चार शिव्या देतो आणि मग चहा पाजतो. हे पुण्याचं थंड बोलणं अंगावर घ्यायला मला दोन वर्षं लागली.

पण शिकवायला लागले की हा माणूस वेगळाच व्हायचा. डार्करूमचं दार काळं होतं, तोच त्यांचा फळा. एक उभी रेघ, एक आडवी. वर उजवीकडं चार-पाच ठिपके. “हे जपानातले, बॉम्बमधून वाचलेले लोक. यांना भरपूर लागलं आणि यांच्यात पुढं कॅन्सर वाढला. हे मोजलेलं आहे.” मग त्या ठिपक्यांतून एक रेघ खाली कोपऱ्याकडं यायची. अर्ध्यावर आली की सर खडू उचलायचे आणि पुढं तुटक तुटक ओढायचे. “इथून खाली मोजता येत नाही. कारण कॅन्सर माणसांना तसाही होतो, त्यात आपला वाटा किती, ते दिसत नाही. काही म्हणतात, रेघ अशीच सरळ शून्यापर्यंत येते, थोड्या किरणांचा थोडा धोका. काही म्हणतात, मध्येच एक उंबरा आहे, त्याच्या अलीकडं काही होत नाही. काही तर म्हणतात, थोडे किरण अंगाला चांगले. आणि काही म्हणतात, आपण समजतो त्यापेक्षा वाईट. सगळे शिकलेले आहेत. सगळे भांडतायत. आणि तुम्ही-आम्ही या तुटक भागात नोकरी करतो, वानखडेबाई.”

“मग खरं काय, सर?”

“ते कळलं असतं तर मी घरी झोपलो नसतो का?”

झोपले नसते. हा माणूस स्वस्थ बसूच शकत नव्हता. चहा उभ्यानं, तोही अर्धा. आमचे मुख्य रेडिओलॉजिस्ट डॉक्टर मराठे उंबऱ्याच्या बाजूचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “केरळच्या किनाऱ्यावर वाळूच किरण सोडते हो, पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतायत, ठणठणीत!” यावर सर म्हणायचे, “मग उद्यापासून सकाळी उपाशीपोटी देऊ या सगळ्यांना, दोन-दोन चमचे.” वाटायचं, हे भित्र्यांच्या बाजूचे. तर दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ऑफिसातली एक बाई तक्रार घेऊन आली की एक्सरेच्या भिंतीमुळे तिचे केस गळतात. सरांनी मीटर नेलं, भिंतीला लावलं, तिला काटा दाखवला आणि म्हणाले, “भिंत निर्दोष आहे. तेल बदलून पाहा.” ती बाई आयुष्यभर त्यांच्याशी बोलली नाही. दोन्ही बाजूंनी शिव्या खायच्या, हीच त्यांची बाजू.

आमच्यातल्या एका टेक्निशियनच्या भावानं आयटीतल्या नोकरीच्या जोरावर कोथरूडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. जेवणं झाली आणि पाहतो तर सर स्वयंपाकघरात, पिशवीतून मीटर काढून चकचकीत काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवलेलं. टिक, टिक, टिक.

“ओटा बोलतोय,” सर म्हणाले.

घरमालकाचा चेहरा उतरला. “म्हणजे? काढून टाकू का?”

“काढायला कुणी सांगितलं? ग्रॅनाइट आहे, थोडं असणारच. मी फक्त आहे म्हटलं.”

आता हे त्या माणसाला वास्तुशांतीच्या दिवशी सांगायची काय गरज होती? पण खरं असलं की ते सांगितल्याशिवाय त्यांच्यानं राहवत नसे. आणि सांगितल्यावर समोरच्याला धीर देणं हे आपलं काम आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही. निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

आता माझं सांगते.

लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं. किती डॉक्टर, किती उपास. सासूबाई अमरावतीहून येऊन राहिल्या होत्या, त्या तोंडानं काही बोलत नसत, पण रोज संध्याकाळी शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेऊन बसत. आणि एक दिवस कळलं, मला दिवस गेलेत. दोन महिने उलटून गेले होते. माझी पाळी मुळातच अनियमित, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. घरात पेढे आले. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून बॅजचे आकडे आले.

माझ्या आकड्याभोवती लाल गोल.

सरांनी कागद उभ्याउभ्याच वाचला. एरवी कागद वाचतानाही चालणारा माणूस, जागच्या जागी थांबला. “वानखडेबाई, हे फार आहे. या तीन महिन्यांत काय काय केलंत?”

काय केलं होतं? बेरियम पाजून स्क्रीनिंग चालतं, म्हणजे किरण चालू ठेवून पोटातलं पडद्यावर पाहतात, त्या खोलीत ड्युटी होती. लहान मुलं टेबलावर थांबत नाहीत, रडतात, त्यांना धरून मी उभी राहिले होते. शिशाचा अ‍ॅप्रन घालूनच, पण उभी राहिले होते. आणि मग मी त्यांना सांगितलं की मला तिसरा महिना आहे.

सर एकदम खाली पाहायला लागले. मग हळूच विचारलं, “ड्युटी संपल्यावर बॅज कुठं ठेवत होतात?”

“बाहेरच्या खोक्यात,” मी म्हणाले.

हे खोटं होतं. खरं असं की आम्ही कुणीच बॅज त्या खोक्यात ठेवत नसू. खोक्यातले बॅज हरवायचे, कुणाचा कुणी न्यायचा. म्हणून सगळ्यांनी युक्ती काढली होती. बॅज अ‍ॅप्रनलाच टाचून ठेवायचा आणि अ‍ॅप्रन स्क्रीनिंगच्या खोलीतच आतल्या खिळ्याला लटकवायचा. आम्ही घरी जायचो, पुढच्या पाळीचं काम त्या खोलीत सुरू व्हायचं आणि आमचे बॅज खिळ्यावर बसून किरण मोजत राहायचे. सरांनी यावरून तीनदा आरडाओरडा केला होता, नोटीस लावली होती. आता कबूल केलं असतं तर मी आणि माझ्याबरोबर आणखी चौघी गोत्यात आल्या असत्या. नोकरी जाईल, या भीतीनं मी पटकन ‘खोक्यात’ म्हणून गेले.

सर तो कागद घेऊन गेले.

संध्याकाळी धायरीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो आकडा सांगितला. ते म्हणाले, “हे बघा, रिस्क कशाला घेता? बारा आठवड्यांच्या आत आहे, मोकळं करून घेऊ. वय आहे अजून तुमचं.” मोकळं! सात वर्षांनी! नवरा भिंतीकडं तोंड करून बसला. म्हणाला, “तुझ्या त्या सरांना विचार. काही होणार नाही म्हणून लिहून देत असतील तर ठेवू. नाहीतर बुधवारी जाऊ.” तो शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी मी सरांसमोर गेले, बुधवारचं सांगितलं. त्यांचे डोळे लाल. रात्रभर हिशेब केलेला दिसत होता, टेबलावर कागदच कागद. “हा सगळा आकडा तुमच्या अंगाला लागला असेल,” ते म्हणाले, “तर मला बोलणं कठीण आहे.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, मी काय करून बसले ते. मी तिथंच रडायला लागले. “सर, खिळा... बॅज खिळ्याला होता.”

असे भडकले! सहा वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. तो पुणेरी थंडपणा कुठल्या कुठं गेला. “बाई, एका खिळ्यासाठी तुम्ही मूल घालवलं असतंत! अक्कल आहे का? कुणाला घाबरलात, मला?” आणि मग एकदम आवाज पडला. “मला घाबरलात,” स्वतःशीच म्हणाले. “आणि तो खिळा मी तीनदा पाहिला. तीनदा नोटीस लावली. उपटला का नाही?” तसेच तरातरा गेले, वॉर्डच्या मामांकडून पक्कड आणली आणि दोन्ही पाय जमिनीत रोवून तो खिळा उपटला. भिंतीचं प्लॅस्टर मूठभर निघालं.

पण नुसत्या माझ्या शब्दावर त्यांचं समाधान होणार नव्हतं. त्यांनी वीस लिटरचा पाण्याचा कॅन मागवला, मी जिथं उभी राहत असे तिथं स्टुलावर ठेवला आणि त्याला माझा अ‍ॅप्रन बांधला. माणसाचं पोट म्हणजे बहुतेक पाणीच, म्हणाले. अ‍ॅप्रनच्या आत एक पेनासारखं मापक, बाहेर एक आणि खिळ्याच्या भोकाशी चिकटपट्टीनं तिसरं. दिवसभर स्क्रीनिंगचं काम चालू, आणि प्रत्येक पेशंटनंतर सर आत जाऊन तिन्ही वाचणार. पोरी त्या कॅनला ‘सुनंदा’ म्हणायला लागल्या. हसत होत्या. मलाही हसू येत होतं, पण दर वेळी सर बाहेर आले की मी आधी त्यांचं तोंड पाहत होते.

रविवारी दुपारी सर बसनं धायरीला आमच्या घरी आले. पत्ता विचारत विचारत, घामाघूम. सासूबाईंनी खुर्ची दिली, तिच्या कडेवर टेकले.

“खिळ्यावर भरपूर आहे,” त्यांनी सुरुवात केली, नमस्कार-चमत्कार काही नाही. “बॅजचा बहुतेक आकडा खिळ्याचा. अ‍ॅप्रनच्या आत, पोटाशी, अगदी थोडं. बाळात व्यंग यायला याच्या कितीतरी पट लागतं, त्यावर फारसा कुणाचा वाद नाही. वाद आहे तो पुढं कधीतरी होणाऱ्या कॅन्सरचा. तिथं मी तुम्हाला शून्य म्हणणार नाही. असलाच तर फार थोडा, एरवी सगळ्या मुलांना जो असतो त्यात हरवून जाईल एवढा.”

नवरा म्हणाला, “म्हणजे काही होणार नाही. तेवढं लिहून द्या, सर.”

“नाही देणार.”

“का?”

“कारण ते मी कुणाच्याच बाळाबद्दल लिहून देणार नाही. माझ्या नातवाबद्दलसुद्धा नाही. मोजलेलं लिहून देतो.” आणि खरंच एक कागद काढून त्याच्या हातात दिला. “पण हे मूल या कारणासाठी पाडायचं असेल, तर विज्ञानाचं नाव घेऊन पाडू नका. विज्ञान असं म्हणत नाही.”

मला राहवेना. “सर, एकदा खोटं बोला ना! एकदा म्हणा, काही होणार नाही. तुमचं काय जातं?”

“एक खोटं तुम्ही बोललात, बाई. त्यानं काय झालं असतं, ते पाहिलंत ना?”

नवरा तो कागद उलटा-सुलटा करत होता. शेवटी सासूबाई बोलल्या. त्या दाराशी गहू निवडत होत्या आणि मला वाटत होतं त्यांना यातलं काही कळत नाहीये.

“म्हंजे जसं सगळ्याईच्या लेकराचं असते, तसंच याचं, असंच ना?”

“हो,” सर म्हणाले. “जवळजवळ तसंच.”

“मंग? हा इलास पोटात होता तवा म्या कपाशीच्या फवारणीत उभी होती. मले कोणी कागद देला होता काय?” आणि माझ्याकडं वळून, “बुधवारी कोठी जाऊ नको वं. घरी राह्य.”

विलास म्हणजे माझा नवरा. त्यानं कागदाची घडी घातली आणि देवाच्या फोटोमागं ठेवली. सर लगेच उठले. चहा राहिलाच.

जूनमध्ये मुलगी झाली. निधी. आणि तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

काय सांगू त्या दिवसाचं. टाके घालून नीट होतं, डॉक्टर सांगत होते, बऱ्याच मुलांना असतं, सांगत होते. पण नातेवाइकांना निमित्त मिळालं. “एक्सरेमंदी काम करते, अजून काय होईन!” कुजबुज माझ्या कॉटपर्यंत येत होती. दुसऱ्या दिवशी सर आले. पाळण्याशी उभे राहिले. “हे त्याचं नाही,” म्हणाले. “अगदी नाही. एवढ्याशा किरणांनी असं होत नाही.” त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग पुन्हा. तीनदा मला सांगितलं आणि चौथ्यांदा, मला वाटतं, स्वतःलाच.

“जा तुम्ही,” मी म्हणाले.

आज आठवलं की जीव अर्धा होतो. आठ दिवसांनी ते कुठकुठल्या लेखांच्या झेरॉक्स घेऊन धायरीला आले, मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. त्यांनी झेरॉक्स सासूबाईंकडं दिल्या. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी सरांना पोहे केले, आणि म्हणे सरांनी ते बसून, सगळे खाल्ले.

निधीचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला. बारीक रेघ राहिली, बस. मी कामावर परत गेले तोवर सरांनी हॉस्पिटल सोडलं होतं. लहान मुलांचा सीटी मोठ्यांच्याच मापाचे किरण देऊन काढतात, यावरून त्यांचं व्यवस्थापनाशी वाजलं. डॉक्टर मराठे म्हणाले, “भला माणूस, पण फार त्रास.” मी मान हलवली. मला लाज वाटत होती आणि रागही गेला नव्हता. फोन करीन करीन म्हणत वर्षं गेली. माणूस असा कसा नादान होतो, कळत नाही.

शेवटचे दिसले ते अप्पा बळवंत चौकात. शाळा सुरू व्हायचे दिवस, वह्या-पुस्तकांना ही गर्दी. एका दुकानापाशी एक वाळलेला म्हातारा लोकांचे धक्के खात उभा होता. पांढरा बुशशर्ट दोन मापं मोठा झालेला.

“सर!”

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. सरळ निधीकडं पाहिलं. तिच्या ओठाकडं नाही, तिच्या सगळ्याकडं, वर-खाली, एखादा आकडा परत परत तपासावा तसं.

“ही ती?”

“हो. निधी, नमस्कार कर. हे आठल्ये सर.”

पोरगी कसली थांबते. “म्हणजे तेच मास्तर आजोबा ना, ज्यांनी मला वाचवलं? आज्जी सांगते रोज.”

“आज्जीला सांग, मी नाही वाचवलं,” सर म्हणाले. “मी फक्त मोजलं. ठेवलं त्यांनी.” मग माझ्याकडं वळले. “नऊ पूर्ण झाली ना? सोळा तारखेला?”

मी थक्क झाले. “तुमच्या लक्षात आहे?”

“ताप वगैरे सारखा येत नाही? दमत नाही? अंगावर काळेनिळे डाग?”

“नाही हो. दिवसभर उंडारते नुसती.”

“मग बरं.” त्यांनी श्वास सोडला. “रक्ताच्या कॅन्सरचं काही असतं तर बहुतेक एव्हाना दिसलं असतं. पहिली पाच वर्षं जरा कठीण गेली मला. आता धोका पुष्कळ कमी झालाय.”

नऊ वर्षं! ज्यानं माझ्या तोंडावर कधी एक धीराचा शब्द टाकला नाही, तो माझ्या पोरीचे वाढदिवस मोजत बसला होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. “मग सर, एक फोन करायचा. नुसतं विचारायचं, कशी आहे म्हणून.”

“मी फोन केला असता,” सर म्हणाले, “तर तुम्ही घाबरला असतात.”